एक वार, दोन हात

'एक वार म्हणजे किती हात?' हा प्रश्न मराठी माणसाला एकाएकी विचारू नये. वार म्हटले की त्याला तलवार आठवते, हात म्हटले की दोन हात करावेसे वाटतात, आणि उत्तर देण्याआधी तो बाह्या सरसावतो. जरा शांत झाला, की मात्र कुठल्यातरी इयत्तेत छड्या खाऊन पाठ केलेले कोष्टक त्याच्या मदतीला धावून येते. अठरा इंचांचा हात, छत्तीस इंचांचा वार, म्हणून एका वाराचे हात दोन. प्रश्न संपला.

पण हाच प्रश्न एखाद्या इंग्रज घोडेवाल्याला विचारून पाहा. तो क्षणाचाही विचार न करता 'नऊ' म्हणेल. आणि गंमत अशी, की त्याचेही बरोबर असेल!

त्याचे कारण इंग्रजाचा हात. आपला हात कोपरापासून सुरू होतो तो थेट मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जातो. इंग्रजाचा हात नुसत्या तळव्याच्या रुंदीवर संपतो, तीही अंगठा धरून. एकूण चार इंच. देण्याघेण्याच्या बाबतीत इंग्रज हात आखडता घेतो हे आपण दीडशे वर्षे अनुभवलेच, पण मोजमापाच्या कोष्टकातसुद्धा त्याने हात इतका आखडावा, याचे मला नवल वाटते. या हाताने तो दुसरे काही मोजत नाही. घोडा, फक्त घोडा. पुढच्या पायाच्या खुरापासून आयाळ जिथे संपते त्या मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापर्यंत जितके हात भरतील, तितकी घोड्याची उंची. मान आणि डोके हिशेबात नाहीत. घोडा मान वरखाली करतो म्हणून असेल, किंवा घोड्याच्या डोक्याला किंमत द्यायची नाही म्हणूनही असेल.

माझा एक मित्र एके काळी इंग्रजी शौर्यकथांचे मराठी अनुवाद पाडीत असे. 'पाडीत असे' हा शब्द त्याचाच. महिन्याला एक पडायची. त्यातल्या एका कथेत सरदार 'पंधरा हात उंचीच्या काळ्याभोर घोड्यावर टांग मारून' वायुवेगाने निघून जातो. मी हिशेब केला. पंधरा हात म्हणजे साडेबावीस फूट. जिराफसुद्धा अठरा फुटांच्या आसपास थांबतो. या घोड्यावर टांग मारायची तर सरदाराला दुमजली वाड्याच्या गच्चीवरून उडी घ्यायला हवी. हे मी मित्राला सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "अरे, शौर्यकथा आहे. थोडं इकडंतिकडं व्हायचंच." पुस्तकाची दुसरी आवृत्तीही निघाली. घोड्याची उंची त्यातही तेवढीच होती आणि एकाही वाचकाने तक्रार केली नव्हती. मराठी वाचकाला सरदाराचा घोडा साडेबावीस फूट वाटला यात त्याचे इतिहासप्रेमच दिसते, दुसरे काय!

वास्तविक या चार इंची प्रकाराला मराठीत हात म्हणायचे कारणच नाही. आपल्याकडे त्याचा जवळचा भाऊबंद आहे, तो म्हणजे मूठ. शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तो यांनी जमिनीची मोजणी केली तेव्हा मोजायची काठी ठरली ती पाच हात पाच मुठींची. हात चौदा तसूंचा, पाच हातांचे सत्तर तसू, वर पाच मुठींचे दहा, अशी ऐंशी तसूंची काठी. अशा वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमीन म्हणजे एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चाहूर. या पाच मुठी मला फार आवडतात. सरळ सहा हातांची काठी केली असती तर हिशेब सोपा झाला असता. पण मग एखादा हात आखूड भरला म्हणून तंटा झाला असता, तेव्हा या मुठी बहुधा शेतकऱ्याच्या समाधानासाठी ठेवल्या असाव्यात, असा माझा आपला तर्क. भाजीवाली जोखून झाल्यावर वर चार मिरच्या टाकते, तशातली गोष्ट. तर घोडा मोजायची इंग्रजी 'हँड' ही अंगठ्यासकट धरलेली मूठ. 'पंधरा मुठी उंचीचा घोडा' म्हणा, साठ इंच होतील, आणि सरदारही जमिनीवरून चढेल.

इंग्रजांच्या या हाताचे चार इंच ठरवले ते त्यांच्या आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत. हा राजा आपल्याला मुख्यतः सहा बायकांमुळे माहीत. पण बायकांच्या खालोखाल त्याला घोड्यांची काळजी होती. लढाईला चिलखती स्वार पेलणारे धिप्पाड घोडे हवेत आणि देशात मात्र बुटकी तट्टे चरताहेत, हे त्याला सहन होईना. तेव्हा १५३५ साली त्याने एक कायदा केला, की ज्यांच्याकडे हरणे पाळायची कुंपणबंद राने आहेत अशा बड्या लोकांनी निदान तेरा हात उंचीच्या घोड्या बाळगाव्यात. तेवढ्याने भागेना म्हणून १५४० साली दुसरा कायदा आला. नावे घेऊन नेमलेल्या परगण्यांत, दोन वर्षांवरचा पण पंधरा हातांहून कमी उंचीचा नर घोडा गावच्या सामायिक कुरणात सोडायला मनाई झाली. दरवर्षी शरद ऋतूत रानातली जनावरे हाकून एकत्र आणायची, मोजायची, आणि ज्यांच्याकडून धडकी पैदास किंवा कामाचे श्रम व्हायची आशा नाही अशी दिसतील त्यांना तिथल्या तिथे मारून टाकायचे.

हे वाचले तेव्हा माझे हसू जरा मावळले. कोष्टकातला चार इंचांचा निरुपद्रवी हात. पंधरा भरले तर कुरण, चौदा भरले तर कुरण बंद, आणि मोजणाऱ्याला नाहीच पटले तर सुरी. मापाची पट्टी धरून आलेला माणूस राजाकडून आला असेल तर घोड्याने काय करायचे? टाचा उंच करायची सोय नाही. गरीब शेतकऱ्याचे तट्टू, दिवसभर मोळ्या वाहणारे, ते पंधराचे कुठून होणार? त्याला पंधराचे करायचे तर आधी पंधराच्या घोड्याचा दाणा द्यायला हवा, आणि तो दाणा असता तर शेतकरी स्वतःच नसता का खाल्ला? दलदलीच्या मुलुखातल्या लोकांची तर आणखीच पंचाईत झाली. तिथे मोठा घोडा सोडला की पोटापर्यंत चिखलात रुतून बसायचा. शेवटी १५६६ साली हेन्रीच्या मुलीने, म्हणजे एलिझाबेथ राणीने, इंग्लंडच्या पूर्वेकडच्या त्या दलदलीपुरती अट शिथिल केली आणि तेरा हातांवर आणली. डोंगराळ माळरानांवरची तट्टे मात्र कायदा वाचायला खाली उतरलीच नाहीत. त्यांचे वंशज आजही तिथे चरताहेत.

या हेन्रीला आपली भीमथडीची तट्टे दाखवायला हवी होती. भीमेच्या काठची ही जात अंगाने बेताची. हेन्रीच्या कुरणात त्यांना कोणी पाय ठेवू दिला नसता. पण मूठभर दाण्यावर आणि मिळेल त्या चाऱ्यावर सह्याद्रीच्या चढउतारांना ती पुरी पडत, आणि मराठी घोडदळाचा लौकिक झाला त्यात त्यांचा वाटा मोठा होता. पुढे इंग्रजांचे राज्य आले आणि त्यांनी आपल्या फौजेसाठी थेट ऑस्ट्रेलियातून मोठे 'वेलर' घोडे जहाजे भरभरून आणले. उंच माणसाला उंच घोडा हवा, हे समजू शकते. पण राज्य मिळवून झाल्यावर घोडा उंच असला काय नि बुटका असला काय!

इंग्रजांच्या या हाताची आणखी एक खोड सांगतो. घोडा '१५.२' आहे म्हटले तर आपण दशांश चिन्ह समजतो आणि फसतो. तो पंधरा हात दोन इंच असतो. म्हणजे १५.३ नंतर एकदम १६. '१५.५ चा घोडा' जगात कुठेच नाही. दशमान पद्धत शिकलेल्या मुलाने असा आकडा लिहिला तर मास्तर त्याला शून्य देतील. इंग्रज त्यावर शर्यती लावतात. १४.२ पर्यंत तट्टू आणि त्यावर घोडा, असा त्यांचा साधारण रिवाज. एका इंचाने जात बदलते. आपल्याकडच्या सोयरिकींसारखेच झाले हे.

आता वाराकडे वळू. हात कितीही लहानमोठा असो, तो निदान हात तरी आहे. वार कशाचा? त्याची कथा अशी सांगतात, की इंग्लंडचा पहिला हेन्री याच्या नाकाच्या शेंड्यापासून लांब केलेल्या हाताच्या अंगठ्यापर्यंतचे अंतर म्हणजे एक वार. कथा खरी असो वा नसो, कापड मोजायची ही रीत आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. कापडाचे एक टोक नाकाशी धरायचे आणि दुसरा हात ताठ करायचा, झाला वार. यात मान कुठे वळवली यावर पुष्कळ अवलंबून असते. मान हाताच्या उलट दिशेला फिरवली तर वार चांगला चारपाच बोटे वाढतो. हाताकडे वळवली तर आटतो. तेव्हा घेणाऱ्याने मोजताना दाराबाहेर बघावे आणि देणाऱ्याने कापडाकडे प्रेमाने बघावे, हे ओघानेच आले. नाकासमोर पाहणारा व्यापारी हा शब्दप्रयोग मराठीत का नाही, हे यावरून लक्षात येईल.

पुढे राजाचे नाक गेले आणि धातूची पट्टी आली. १७६० साली तयार केलेली एक पट्टी १८२४ च्या कायद्याने साम्राज्याचा अधिकृत वार ठरली आणि ती लंडनच्या पार्लमेंटात जपून ठेवली. कायदा करणाऱ्यांनी दूरदर्शीपणे अशीही तरतूद केली, की न जाणो, ही पट्टी हरवली किंवा बिघडली, तर लंडनमध्ये सेकंदाला एक ठोका देणाऱ्या लंबकाच्या लांबीवरून ती पुन्हा बनवावी. आणि दहाच वर्षांत १६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री सगळे पार्लमेंटच जळाले. आग कशाने लागली? तर सरकारी हिशेबाच्या जुन्या लाकडी काड्या भट्टीत जाळत होते, त्याने. पूर्वी कर्जाची रक्कम काडीवर खाचा पाडून नोंदवीत आणि काडी उभी चिरून एक अर्ध धनकोला देत. त्या काड्यांचे ढीग साचले होते. ते गरिबांना सरपण म्हणून वाटून टाकायचे सुचले नाही. सरकारी कागदपत्र सरकारीच भट्टीत जळायला हवे! तेव्हा जुन्या हिशेबाने नव्या हिशेबाची पट्टी जाळली असे हे प्रकरण आहे. आपल्या कचेऱ्यांत जुने दप्तर जाळत नाहीत, वाळवीच्या स्वाधीन करतात, ते या दृष्टीने किती सुरक्षित!

मग लंबक आणा म्हणाले. शास्त्रज्ञांनी तपासले, तर लंबकाचे गणितच पुरेसे भरवशाचे नव्हते. शेवटी त्या पट्टीवरून पूर्वी कोणी कोणी नकला करून घेतल्या होत्या त्या गोळा केल्या, ताडून पाहिल्या आणि काशाची नवी पट्टी केली. तिच्यात सोन्याच्या दोन गुंड्या बसवून त्यांवरच्या दोन रेघांमधले अंतर म्हणजे वार. १८५५ साली तिला कायद्याची मान्यता मिळाली. एक प्रत तर नव्या पार्लमेंटच्या भिंतीत चिणून ठेवली. सध्याचा वार १९५९ साली इंग्रजी बोलणाऱ्या सहा देशांनी मिळून ठरवला, तो ०.९१४४ मीटरचा. म्हणजे वार आता मीटरवरून ठरतो. घरजावयासारखी गत! नाव त्याचे, पण खाते सासऱ्याच्या नावावर. त्या हिशेबाने घोड्याचा हात झाला १०.१६ सेंटिमीटर आणि आपला हात ४५.७२.

'आपला हात' मी म्हणतो खरे, पण तो तरी कुठे एकच होता? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात साधा हात चोवीस अंगुळांचा आहे. गायरानाचे मोजमाप करायचा हात त्याने अठ्ठावीस अंगुळांचा सांगितला आहे, आणि लाकूडफाट्याच्या रानाचा हात चौपन्न अंगुळांचा. एवढे लांब हात कोणत्या माणसाचे असतात? सरकारचे! पुढे अकबराने आपला इलाही गज काढला. इंग्रजांनी तो तेहतीस इंचांचा धरला. मुंबईचा गज सोळा तसूंचा हात आणि चोवीस तसूंचा गज या हिशेबाने सत्तावीस इंचांचा, म्हणजे दीड हात. बंगालचा गज छत्तीसचा. मुंबईहून कलकत्त्याला गेलेल्या माणसाला तिथे कापड स्वस्त वाटत असेल तर ते यामुळे. आपल्या जमिनीचा गुंठा मात्र आजही कसा चोख आहे पाहा: तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट. वारात अकरा गुणिले अकरा, हातात बावीस गुणिले बावीस. क्रिकेटची खेळपट्टी बावीस वार, चव्वेचाळीस हात. घोड्याच्या हाताने एकशे अठ्ठ्याण्णव. दोन धावा कमी पडल्यासारखे वाटते.

पण वार आणि हात यांचा खरा संसार झाला तो आपल्याकडच्या लुगड्यात. नऊवारी म्हणजे अठरा हाती. सहावारी म्हणजे बारा हाती. पाचवारी नावाची साडी दुकानात मागितली की साडेपाच मीटरची, म्हणजे सहा वारांची मिळते, आणि याबद्दल आजवर कोणाही गिऱ्हाइकाने दुकानदाराला जाब विचारलेला नाही. कमी निघाली असती, तर?

तर काय होते ते मी पाहिले आहे. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि १९६२ मध्ये जुन्या मापांवर बंदी आली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कापडवाल्याने वाराचा लोखंडी गज माळ्यावर टाकला आणि मीटरची कोरी करकरीत पट्टी आणली. आजी पातळ घ्यायला गेली. साध्या काठाचे गिरणीचे पातळ, ताग्यातून फाडून द्यायचे. शेटने आठ मीटर मोजले आणि कात्री लावली.

"शेट, नऊ वार हवंय."

"आजी, नऊ वार म्हणजेच आठ मीटर. आता सरकारी हिशेब आहे."

आजीने पातळ घरी आणले. ट्रंकेतले जुने काढले, जमिनीवर बसून कोपर टेकवत टेकवत मोजले. अठरा हात. मग नवे मोजले. साडेसतरा. पुन्हा मोजले. साडेसतरा. तशीच उठली आणि पातळ काखोटीला मारून दुकानात परत गेली, मागोमाग मी. शेट म्हणाला, आजी, माणसाचा हात कमीजास्त असतो. आजी म्हणाली, "माझा हात माझ्याएवढाच आहे. सकाळपासून वाढला नाही नि आखडलाही नाही."

"मग सरकारकडं तक्रार करा."

"सरकारचा हिशेब सरकारनं नेसावा. मला काष्टा घालायचाय."

शेट दर कमी लावायला तयार झाला. आजी म्हणाली, दर कमी केल्यानं काष्टा पुरतो का? यावर शेटला काही सुचले नाही. कोणालाच सुचले नसते. ते पातळ त्याने परत घेतले आणि ताग्यातून सव्वाआठ मीटर फाडून दिले.

मोठेपणी मी एकदा कागदावर हिशेब मांडला. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. आठ मीटर दिले तर तेवीस सेंटिमीटर कमी. आणि अर्धा हात म्हणजे २२.८६ सेंटिमीटर. आजीची चूक सूतभर होती. आपण इंच आणि सेंटिमीटर यांच्यामध्ये कोष्टकांचे पूल बांधत बसलो, आणि ती कोपर टेकवून पलीकडे पोचली होती. त्या तेवीस सेंटिमीटरांना कोष्टकात 'किरकोळ फरक' म्हणतात. काष्टा मागे खोचून दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला ते किरकोळ नसतात. गल्लीतल्या आणखी किती जणींनी ती आठ मीटरची पातळे मुकाट्याने ओढूनताणून नेसली असतील, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही.

आता नऊवारी शिवून मिळते, काष्ट्यासकट. तिच्यात किती वार असतात ते शिंपीच जाणे. घोड्यांचा बाजार मात्र अजून भरतो. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला, नांदेडकडे माळेगावला. तिथे घोडा इंचांत सांगतात; त्रेसष्ट, चौसष्ट असा. त्रेसष्ट हा आकडा ऐकला की मला आपला साडेतीन हातांचा देह आठवतो, कारण साडेतीन हात म्हणजे बरोबर त्रेसष्ट इंच. इंग्रज घोडेवाल्याच्या भाषेत १५.३. म्हणजे आठव्या हेन्रीच्या कुरणात चरायला आपल्याला कोणाची हरकत नव्हती, असे मी मघाशी सांगितलेल्या मित्राला मोठ्या ऐटीत म्हणालो. तो म्हणाला, "घोडा डोक्यापर्यंत मोजत नाहीत ना? मग तुलाही खांद्यापर्यंतच मोजायला हवं." आम्ही पट्टी आणली. बावन्न इंच भरले, म्हणजे तेरा हात. तेराला फक्त दलदलीत परवानगी आहे.